सिंबा चावत नाही, पण अंगावर उडी मारतो

पत्र:

ताई नमस्कार, आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, तिसरा मजला, घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं. आमचा कुत्रा सिंबा लॅब म्हणजे लॅब्राडोर आहे, ११ महिन्यांचा, ३० किलो. स्वभावाने इतका मायाळू की चोर आला तरी त्याला चाटत बसेल. पण माणूस दिसलं की याचे पुढचे दोन पाय सरळ समोरच्याच्या छातीवर. मागच्या महिन्यात लिफ्टचं दार उघडलं आणि याने दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंवर झेप घेतली, त्या पडल्या, मनगटाला प्लास्टर आहे. तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपवर रोज एकच, कुत्र्याला लिफ्टबंदी करा. सासूबाई आधी सकाळी त्याला फिरवायच्या, आता तो ओढतो म्हणून घाबरतात. मिस्टर म्हणतात मोठा झाला की आपोआप शांत होईल, क्लास काय ते भांडखोर कुत्र्यांसाठी असतात. एक ट्रेनर म्हणाला महिनाभर आमच्याकडे ठेवा, तयार करून देतो. दुसरा म्हणाला काटेरी पट्टा लावा, दोन दिवसात सरळ होतो की नाही बघा. आणि गंगापूर रोडला एका लॉन्सवर शनिवारी सकाळी ग्रुप क्लास सुरू होतोय असं कळलं, आठ आठवड्यांचा. एवढ्या कुत्र्यांत हा शिकेल की अजून चेकाळेल? आमची इच्छा फार मोठी नाही, रविवारी सगळे मिसळ खायला जातो तेव्हा याला घरी कोंडून जायला लागू नये.

सिंबाची आई

उत्तर:

सिंबाची आई, आधी उत्तर देते मग सविस्तर बोलते. ग्रुप क्लासलाच जा. महिनाभर कुठे ठेवू नका, काटेरी पट्टा तर घरातसुद्धा आणू नका, आणि जमत असेल तर सासूबाईंना सोबत घेऊन जा.

आता मिस्टरांचं म्हणणं. "आमचा चावत नाही हो, क्लास कशाला" हे मी नाशिकमध्ये इतक्या घरांतून ऐकलंय, आणि त्याच्या मागचं प्रेम मला कळतं. पण होतं काय, गुरगुरणारं कुत्रं असलं की घरचे लगेच हातपाय हलवतात, डॉक्टरांना विचारतात, ट्रेनर शोधतात, आणि मायाळू कुत्र्याला मात्र सगळे माफ करत राहतात. सिंबा पाच किलोचा होता तेव्हा त्याने उडी मारली की तुम्ही सगळे हसला असाल, उचलून घेतलं असेल, तोंडाजवळ तोंड नेऊन लाडाने बोलला असाल. आम्हीपण हेच केलंय. म्हणजे उडी मारली की माणूस खाली वाकतो, हात लावतो, गोड बोलतो हे तो रोज शिकत होता, आणि अगदी पक्कं शिकला. आज तेच तो ३० किलोचा होऊन करतोय आणि आपण म्हणतो हा बिघडला. त्या दिवशी लिफ्टचं दार उघडल्यावर काकूंना बघून त्याला नुसता आनंद झाला असणार, पण मनगट मोडायचं ते मोडलंच ना.

मोठा झाला की शांत होईल यात थोडं तथ्य आहे. लॅबची अंगातली रग दोन-अडीच वर्षांनंतर जरा कमी होते. पण सवय वयाने जात नाही, उलट रोज घोटली जाते. आणि आत्ता तो ज्या वयात आहे ते वय मोठं गमतीचं आहे, माणसाच्या हिशोबात नववी-दहावीतला मुलगा समजा. २०२० साली इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी याच्यावर एक अभ्यास छापला होता, लॅब, गोल्डन रिट्रीव्हर अशा जातींच्या कुत्र्यांवर. तर पाच महिन्यांची असताना जी पिल्लं 'सिट' म्हटल्यावर बसायची तीच आठ महिन्यांची झाल्यावर स्वतःच्या माणसाचं ऐकेनाशी झाली, पण अनोळखी माणसाने सांगितलं तर ऐकत होती! ज्यांच्या घरात वयात आलेली मुलं आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. हा काळ सरतो, पण सरेपर्यंत धीर धरून शिकवत राहावं लागतं.

आणि म्हणूनच ते "महिनाभर ठेवा" मला पटत नाही. सिंबा तिकडे त्या ट्रेनरपुढे छान बसेलही, व्हिडिओ येतील, तुम्हाला बरं वाटेल, आणि मग घरी आला की तुमच्याकडे बघणारही नाही. कारण कुत्र्याला एक गोष्ट एका जागी, एका माणसासोबत समजली म्हणजे सगळीकडे समजली असं नसतं. स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं की टुणकन बसणारा कुत्रा सोसायटीच्या गेटवर 'सिट' म्हटलं की आपल्याकडे परक्यासारखा बघतो, तो मुद्दाम करत नाही, त्याच्यासाठी ती गोष्टच नवीन असते. लिफ्ट तुमची, गेट तुमचं, काकू तुमच्या, मग शिकायचं तुमच्यासोबतच हवं. शिवाय महिनाभर बंद गेटच्या आत त्याच्याशी कोण कसं वागतंय हे तुम्हाला दिसत नाही, आणि तो येऊन सांगू शकत नाही.

काटेरी पट्ट्याबद्दल मी शांतपणे लिहायचा प्रयत्न करते. माझी पहिली कुत्री डॉबरमन होती, खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मला काहीच कळत नव्हतं, आणि घरी येणारा एक ट्रेनर गळ्यात आवळणारी साखळी घालून तिला झटके द्यायचा. आठवड्याभरात ती पायाला चिकटून चालायला लागली, आम्ही सगळे खुश. मग एक दिवस मी ती साखळी नुसती ड्रॉवरमधून काढली, आवाज झाला, आणि ती कान मागे घेऊन, पोट फरशीला लावून बसली आणि जागीच शू केली. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. आजही ते आठवलं की पोटात तुटतं. तिने चालायचं कसं हे शिकलंच नव्हतं, तिने फक्त माझ्या हाताला घाबरायला शिकलं होतं. पोर्तुगालमध्ये २०२० साली सात ट्रेनिंग स्कूलमधल्या ९२ कुत्र्यांचा अभ्यास झाला होता, त्यात झटके, ओरडणं, दुखवणं अशा पद्धतीने शिकणाऱ्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि क्लासनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, तेही जास्त वाढलेलं होतं. सिंबासारख्या कुत्र्याचं तर अजून वाईट होऊ शकतं, माणूस दिसला की गळ्याला काटे टोचतात असं दहा वेळा झालं तर तो उड्या मारणं सोडेल पण माणसांवरचा विश्वासही सोडेल. मायाळू कुत्र्याचं सगळ्यात मोठं धन तेच आहे हो, ते घालवू नका.

आता ग्रुप क्लासमध्ये नक्की काय होतं ते सांगते, मी गेली काही वर्षं अशा एका क्लासला सुट्टीच्या दिवशी मदतीला जाते त्यामुळे डोळ्यासमोर आहे. पहिल्या दिवशी सगळ्यांची अपेक्षा असते की लगेच 'सिट', 'डाऊन', 'शेकहँड' सुरू होईल. आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच होत नाही. सहा कुत्री, मधे पंधरा-वीस फूट अंतर, प्रत्येकाजवळ त्याचं माणूस उभं, एवढंच. कोणी भुंकतंय, कोणी लीश म्हणजे आपल्या हातातली दोरी चावतंय, कोणी गवत उपटतंय. मागच्या बॅचला एक तरुण लॅब होता, साधारण तुमच्या सिंबाएवढाच, तो दोन पायांवर उभा राहून दुसऱ्या कुत्र्यांकडे हात जोडल्यासारखा झोंबत होता आणि त्याच्या घरचे काका घामाघूम. त्यांना आम्ही सांगितलं, काही बोलू नका, ओढू नका, फक्त अजून दहा पावलं मागे या. मागे आले. तरी झोंबतोय. अजून दहा. मग एका क्षणी त्याने दुसऱ्या कुत्र्यांकडे बघितलं, वास घेतला, आणि वळून काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं, अर्धा सेकंद असेल. त्या अर्ध्या सेकंदाला "शाब्बास" आणि चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. मग परत तिकडे बघितलं, परत वळला, परत तुकडा. क्लास संपेपर्यंत ती लीश, जी आल्यापासून तारेसारखी ताणलेली होती, ती हातापासून कुत्र्याच्या छातीपर्यंत झोळीसारखी सैल लोंबायला लागली. काका काही बोलले नाहीत, नुसते त्या लीशकडे बघत उभे होते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे, एवढ्या कुत्र्यांत शिकेल की चेकाळेल. पहिल्या दिवशी चेकाळेल. पण घरात एकट्याला शिकवलेलं जगात वापरायचं असेल तर मधे एक अशी जागा लागते जिथे कुत्री आहेत, माणसं आहेत, वास आहेत, पण अंतर आपल्या हातात आहे, आणि शेजारी उभी असलेली सगळी माणसं त्याच्या चुकीवर वैतागत नाहीत. अशी जागा तुमच्या रस्त्यावर सापडत नाही, तिथे अचानक कोपऱ्यावरून भटकी चार येतात, ॲक्टिव्हावरून कोणी हॉर्न मारतं, आणि शिकवणं राहतं बाजूला. घरी येणारा ट्रेनर चांगला असला तरी ही गोष्ट तो घेऊन येऊ शकत नाही. शिवाय ग्रुपची फी सहसा घरी येणाऱ्यापेक्षा कमी पडते, पण मी सांगतेय ते त्यासाठी नाही.

अजून एक गोष्ट मायाळू कुत्र्यांच्या बाबतीत लोकांना माहीत नसते. ज्याला प्रत्येक कुत्र्याला भेटायचंच असतं आणि लीशमुळे भेटता येत नाही, तो चिडायला लागतो, आधी कुंई कुंई, मग भुंकणं, मग झेप. बघणाऱ्याला वाटतं हा भांडखोर आहे. सुरुवात मैत्रीपासून झालेली असते आणि वर्षभराने खरंच लीशवर दुसरं कुत्रं दिसलं की भडकणारा कुत्रा तयार होतो. म्हणून चांगल्या क्लासमध्ये सुरुवातीचे काही आठवडे कुत्र्यांना एकमेकांशी खेळायला सोडतच नाहीत. लोक नाराज होतात, म्हणतात अहो याला मित्र मिळावेत म्हणून तर आणलं. पण त्याने तिथे शिकायचं असतं ते हे, की दुसरं कुत्रं आहे, असू दे, माझं माणूस जास्त भारी आहे.

उडी मारण्याचं काय करतात तेही लिहिते, घरी आजपासून सुरू करता येईल. कुत्रा तुमच्या हातात, लीश तुमच्या पायाखाली इतकीच दाबलेली की तो आरामात उभा राहू शकेल पण उडी पूर्ण मारता येणार नाही. समोरून एक मदतनीस येतो, सावकाश. सिंबाचे पुढचे पाय जमिनीवरून उचलले गेले की मदतनीस काही न बोलता, न ओरडता, पाठ फिरवून चार पावलं परत जातो. ढकलायचं नाही, "नो नो" नाही, कारण ढकलणं आणि ओरडणं हेसुद्धा सिंबाला लक्ष दिल्यासारखंच वाटतं. पुन्हा येतो. पाय उचलले, पुन्हा गेला. चौथ्या-पाचव्या वेळेला कुत्रा जरा थबकतो, तुम्हाला दिसेल, त्याच्या कपाळावर विचार केल्यासारखी आठी येते, आणि चारी पाय जमिनीवर राहतात किंवा तो बसतोच. लगेच तुकडा, आणि तोही खाली, त्याच्या पायाजवळ द्यायचा म्हणजे डोकं वर यायला नको. आणि मदतनीसाने डोक्यावर थोपटायचं नाही, हनुवटीखाली किंवा छातीवर हात लावायचा. क्लासमध्ये हे वेगवेगळ्या माणसांसोबत होतं, दाढीवाले, टोपीवाले, छत्री घेतलेले, काठी घेतलेल्या आजी, लहान मुलं. घरात तुम्ही पाचजण, त्यांच्यावर तो शिकला तरी सहाव्यावर उडी मारणारच. ग्रुपमध्ये तीस-चाळीस वेळा नवीन माणूस येतं, आणि प्रत्येक वेळी नियम तोच. घरी मात्र हे एकाने पाळून उपयोग नाही, मुलगा शाळेतून आल्यावर उड्या मारू देत असेल तर सगळं पाण्यात.

शनिवारी सिंबाला न घेता आधी तुम्ही एकट्या जाऊन बघून या, चालू बॅच असेल तर. नको म्हटले तर तिथे जाऊच नका. ट्रेनर व्हायला आपल्याकडे कसलंही सरकारी लायसन लागत नाही, उद्या मी बोर्ड लावला तरी चालतंय, त्यामुळे सर्टिफिकेटपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. एका ट्रेनरमागे सहाच्या वर कुत्री असतील तर गर्दी होते. कुत्र्यांच्या शेपट्या कुठे आहेत ते बघा, पायात घातलेल्या असतील, कुत्री जांभया देत असतील, सारखे ओठ चाटत असतील तर तिथे भीती आहे. नुसती शेपटी हलतेय म्हणजे खुश आहे असं पण नाही हां, शेपटी उंच ताठ आणि अंग कडक असेल तर ते वेगळंच असतं, खुश कुत्र्याचं अख्खं ढुंगण हलतं. ट्रेनरला एकच प्रश्न सरळ विचारा, कुत्रा चुकला की तुम्ही काय करता? "अंतर वाढवतो, सोपं करतो, परत प्रयत्न करतो" असं काहीतरी सांगितलं तर बसा, आणि "बॉस कोण आहे ते दाखवावं लागतं" म्हणाला तर गाडी काढा.

आणि लसीकरणाची फाईल. जो फाईल न बघता कुत्रा आत घेतो त्याच्याकडून परत फिरा, मग तो कितीही गोड बोलो. रेबीजची लस वेळेवर झालेली हवी, डिस्टेम्परची वगैरे एकत्र असते ती झालेली हवी, आणि पावसाळ्यात गोचिडांचं औषध लावलेलं हवं, कारण ओल्या गवतात एका कुत्र्याची गोचीड दुसऱ्यावर जायला वेळ लागत नाही आणि टिक फिव्हर हा फार हाल करणारा आजार आहे. माजावर आलेली कुत्री त्या दिवसांत क्लासला आणत नाहीत. हे पत्र वाचणाऱ्या ज्यांच्याकडे अगदी छोटं पिल्लू आहे त्यांच्यासाठी जाता जाता, सगळे डोस पूर्ण होईपर्यंत चार महिने घरात कोंडू नका, पिल्लाचं मन सगळ्यात उघडं असतं ते पहिल्या तीन महिन्यांत. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनाच्या पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलंय की सात-आठ आठवड्यांपासून पपी क्लासला जाता येतं, लसीचा किमान पहिला डोस होऊन सात दिवस झालेले असले की. जागा स्वच्छ हवी आणि बाकीची पिल्लंपण लस घेतलेली हवीत, आपल्या डॉक्टरांना विचारूनच जायचं.

तयारी फार नाही. साधी सहा फुटांची लीश, ती बटण दाबून लांब होणारी अजिबात नको, त्या दोरीने हात कापतात आणि कुत्र्याला कळतं की ओढलं की लांब होते. ओढणाऱ्या लॅबसाठी छातीवर समोर कडी असलेला हार्नेस घ्या, ओढलं की तो वळून तुमच्याकडेच येतो, सासूबाईंच्या खांद्याला पण हिसका बसणार नाही. सकाळी त्याला पोटभर खायला घालून नेऊ नका. ट्रीट म्हणून उकडलेलं चिकन, नाहीतर पनीर, घरात चालत नसेल तर पनीर पुरेसं आहे, एकदम बारीक तुकडे, एका तासात ऐंशी-शंभर लागतात म्हणून बारीक. आणि आपल्या नाशिकला हे मुद्दाम सांगावं लागतं, द्राक्षं नाहीत आणि बेदाणे तर नाहीतच! एका बॅचला एक बाई छोट्या पाऊचमधून भारीतले बेदाणे घेऊन आल्या होत्या, निफाडहून बहिणीने पाठवलेले, गोड आहेत, वाटाण्याएवढे आहेत, वरून पौष्टिक, त्यांना वाटलं याहून चांगली ट्रीट कुठली. देवाची कृपा की पहिल्या तुकड्याच्या आधी कोणाचं तरी लक्ष गेलं. द्राक्ष आणि बेदाण्यांनी कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्लं की होतं याचा नेम नाही, एखादा कुत्रा पचवतो आणि एखादा मूठभरात जातो. खाल्लंच तर वाट न बघता डॉक्टर. सीझनमध्ये घरात पेट्या येतात तेव्हा सिंबाच्या उंचीवर ठेवू नका.

घरात एक काम आज रात्री जेवणानंतर करा, पाचहीजण बसून शब्द ठरवा. एकजण 'सिट' म्हणतं, एकजण 'खाली बस', आजी म्हणतात 'बस रे राजा', कुत्र्याने काय समजायचं. माझं मत विचाराल तर 'बस' हा शब्द ठेवूच नका, कारण आपण मराठी माणसं "बस बस, पुरे आता" असं दिवसातून किती वेळा म्हणतो मोजून बघा, तो चाटायला लागला तरी बस, भाजी वाढताना बस. म्हणून 'सिट'. बोलवायला 'ये', सोडायला 'सोड', थांबायला 'थांब', हे चालतील. आणि 'ये' म्हणून बोलावून कधी रागवायचं नाही, कधीच नाही, आंघोळीला न्यायचं असेल तर आपण त्याच्याकडे जायचं. रोज तासभर घोटायची गरज नाही, पाच-पाच मिनिटं तीन वेळा, चहाचं पाणी उकळेपर्यंत एक, असं. क्लास आठवड्यातून एकदा असतो, शिक्षण या पाच मिनिटांत होतं, क्लासला तुम्ही शिकायला जायचं आहे.

कुठपर्यंत पोचायचं याचा अंदाज हवा म्हणून सांगते, अमेरिकन केनेल क्लबची एक परीक्षा आहे, १९८९ पासून चालू आहे, नाव 'केनाईन गुड सिटिझन', म्हणजे चांगला नागरिक कुत्रा. दहा गोष्टी असतात आणि त्यात एकही करामत नाही. अनोळखी माणूस येऊन तुमच्याशी हात मिळवतो तेव्हा कुत्र्याने शांत राहायचं, कोणी थोपटलं तर बसून घ्यायचं, सैल लीशवर चालायचं, माणसांच्या गर्दीतून जायचं, बोलावलं की यायचं, दुसरं कुत्रं समोरून गेलं तरी झेप घ्यायची नाही, आणि शेवटी दुसऱ्या कोणाच्या हातात लीश देऊन तुम्ही तीन मिनिटं दिसेनासे व्हायचं, त्याने कल्ला करायचा नाही. परीक्षेला खाऊ चालत नाही, शिकवताना चालतो. तुम्हाला ती परीक्षा द्यायची नाहीये, पण यादी बघा, तुमची लिफ्ट, तुमचं गेट, सासूबाईंचा सकाळचा फेरा, सगळं यात आलं की नाही?

क्लासमध्ये जमलेलं बाहेर नेताना पायरी पायरीने न्या. आधी पार्किंग, दुपारी कोणी नसताना. मग गेटजवळ वॉचमन काकांसोबत, त्यांच्या हातात पनीर देऊन. मग सकाळी लवकर कॉलनीतला रस्ता, मग इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकच्या बाहेर जरा लांब उभं राहून नुसती माणसं बघायची. ट्रॅकवरच्या गर्दीत एकदम नका नेऊ. आणि गणपतीची मिरवणूक, रंगपंचमी, दिवाळीचे फटाके यात शिकवायला म्हणून अजिबात नाही, ढोल-ताशापुढे मोठमोठी कुत्री हादरतात, त्या दिवशी घरात आवाज बंद खोलीत राहू द्या. उन्हाळ्यात डांबराला हाताची मागची बाजू टेकवून बघा, तुम्हाला ठेवता येत नसेल तर त्याच्या पंजांनाही नको.

हे सगळं मी सिंबा खरंच मैत्रीपूर्ण आहे असं धरून लिहितेय, तुमच्या पत्रातून तसंच दिसतंय. जो कुत्रा लोकांना बघून मागे सरकतो, गुरगुरतो, ज्याने कोणाला दात लावलाय, त्याला सरळ ग्रुपमध्ये नेणं त्याच्यावर आणि बाकीच्यांवर अन्याय आहे, त्याच्यासाठी आधी डॉक्टर, मग वर्तनाचं जाणणारा माणूस एकट्याने, आणि ग्रुप नंतर कधीतरी.

आता काकू. हे मी मधे टाकायला हवं होतं पण राहिलं. तुम्ही त्यांच्याकडे जाऊन आलात का ते पत्रात नाही. गेला नसाल तर आज जा, सिंबाला न घेता, डॉक्टरचा खर्च विचारा आणि द्या, आणि क्लास लावतोय हे स्वतः सांगा, ग्रुपवर टाकू नका. लिफ्टबंदीचं म्हणाल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर किंवा त्यांच्या लिफ्ट वापरण्यावर अशी बंदी घालता येत नाही. पण कायद्याची दुसरी बाजूही आहे, आपल्या प्राण्यामुळे कोणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होईल असा हलगर्जीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि मनगट मोडलेल्या बाईपुढे सर्क्युलर नाचवू नये असं मला वाटतं. त्यांना लिफ्टची भीती बसली असेल ती खरी आहे. महिनाभर तुम्ही जिना वापरा, तिसराच मजला आहे, नाहीतर लिफ्ट रिकामी असेल तेव्हाच जा, दार उघडायच्या आधी सिंबा कोपऱ्यात बसलेला, लीश आखूड. काकूंचं प्लास्टर निघालं आणि त्यांची इच्छा असली तर कधीतरी दहा फुटांवरून त्यांनी नुसतं बघावं की हा बसतो. त्यांनी नाही म्हटलं तर विषय संपला.

मिसळीचं मात्र होईल. मळ्यातल्या मोकळ्या जागा असतात त्या बघा, आधी फोन करून कुत्रा चालतो का विचारून घ्या, आणि पहिल्यांदा रविवारी अकराला नका जाऊ, बुधवारी सकाळी साडेसातला जा, कोपऱ्यातलं टेबल, खाली त्याची रोजची चटई, आणि दोघांनीच जा म्हणजे एकाचं लक्ष पूर्ण सिंबावर राहील. दहा मिनिटं बसला की उठा, पाव अर्धा राहिला तरी. पुढच्या वेळी वीस मिनिटं. तर्री आणि कांदा त्याला द्यायचा नाही, कांदा कुत्र्याला विषारी असतो, आणि शेजारच्या टेबलावरून कोणी प्रेमाने शेव टाकली तर आधीच हात जोडून सांगा. सासूबाईंना पहिल्या शनिवारपासून न्या म्हटलं त्याचं कारण, लीश त्यांच्या हातात दिली आणि ती सैल राहिली हे त्यांनी स्वतःच्या हाताला जाणवून घेतलं पाहिजे, तुम्ही कितीही सांगितलं तरी त्यांची भीती तशी जाणार नाही. ट्रेनरला फोन कराल तेव्हा आजी येणार आहेत हे आधीच सांगून ठेवा, एक खुर्ची सावलीत टाकून ठेवतील.